ठेंगणीचा जाळ

कोरेगाव,
३ डिसेंबर २०२३

चि. क्रांतीस,
तुझ्या आबाचा, आजीचा आणि गोठ्यातल्या दोन्ही म्हशींचा भरभरून आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा आजीनं तो माझ्या कानाला लावला, पण मला त्यात कोंबडी फडफडल्यासारखंच ऐकू आलं. मग आजी अंगणातून ओरडली, "आवं, नात इंजनावर चढणार हाय." ते पलीकडच्या आळीलासुद्धा ऐकू गेलं. तेव्हा आता तू पत्रच लिहीत जा. कागद वाचायला कान लागत नाहीत.

सांगलीजवळच्या त्या बंद पडलेल्या साखर कारखान्याची उसाची छोटी गाडी तुम्ही पोरांनी दुरुस्त केली, फेब्रुवारीत तिथं वाफेच्या गाड्यांचा उत्सव भरणार, आणि इंजिनात कोळसा घालायला फायरमन म्हणून तू उभी राहणार. हे आजीनं मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदाच कळलं होतं, पण पुन्हा ऐकायला बरं वाटत होतं.

तुला माहीत आहे, मी चौथीत शाळा सोडली. पुढची शाळा माझी कोरेगावच्या स्टेशनात झाली. बाजारच्या दिवशी बैल सोडायचे आणि फलाटावर जाऊन बसायचं. डब्यांवरची अक्षरं बघून बघून मला इंग्रजी लिपी लागली. तुझी आजी अजून म्हणते की वरातीत यांचं ध्यान माझ्याकडं नव्हतं, फाटकात थांबलेल्या इंजिनाकडं होतं. खोटं नाही. पण इतकी वर्षं बघून एकदाही इंजिनावर पाय ठेवायला मिळाला नाही. आता तू ठेवतेस.

तर आता जाळाचं सांगतो, नीट ऐक. आपलं गुऱ्हाळ तू बघितलंयस. रसाची काहील वर आणि खाली चुलवाण. चुलवाणाचं तोंड सताड उघडं ठेवायचं आणि उसाचं वाळलं चिपाड नुसतं कोंबत राहायचं. पोट रिकामं दिसता कामा नये. जाळ पडला की रस बसला. इंजिन म्हणजे चाकांवरचं चुलवाण, दुसरं काय? फलाटावरून मी बघायचो, फायरमन दोन फावडी टाकायचा आणि लगेच दार लावून घ्यायचा. आगीला भ्यायचे ते, पाय भाजायचे त्यांचे. तू भिऊ नकोस. आपण चुलवाणापुढं वाढलेली माणसं. दार उघडं ठेव आणि पोट गच्च भर.

कळव कसं होतंय ते. वाट बघतोय.

तुझा,
आबा (लालासाहेब)


सांगली,
१४ डिसेंबर २०२३

प्रिय आबा,
तुम्हाला, आजीला नमस्कार आणि म्हशींना एक एक पेंडी.

तुमचं पत्र आमच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचलं. चाकांवरचं चुलवाण म्हटल्यावर सगळे हसले, पण मला ते एकदम पटलं. आमच्या इंजिनाचं नाव 'ठेंगणी'. कारखान्यातल्या जुन्या कामगारांनी ठेवलेलं. माझ्या खांद्याएवढ्या बॉयलरचं इंजिन, पण पेटल्यावर जे काही फुरफुरतं ना, आबा, तुम्ही शेजारी उभे राहिलात तर तुम्हालाही ऐकू येईल.

ड्रायव्हर आहेत आदगोंडा मगदूम. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. मिरजेच्या छोट्या गाडीवर फायरमन म्हणून लागले, पुढं डिझेलचे ड्रायव्हर होऊन रिटायर झाले. जैन आहेत, दिवस बुडायच्या आत जेवतात. म्हणून आमचं काम पाचला बंद. एकदा पोरांनी गंमत म्हणून घड्याळ मागं केलं, तर आण्णा म्हणाले, "घड्याळ तुमचं, सूर्य माझा."

रविवारी गाडीला डबे जोडून पहिली चाचणी आहे. आण्णांनी मला कोळसा घालायची रीत दाखवलीय, पण ते फार थोडं थोडं टाकायला लावतात. चाचणीत तुमची रीत करून बघणार आहे. ओढ्यावरचा पूल आणि त्याच्या पुढचा चढ, एवढं जमलं की झालं.

पप्पा अजून बोलत नाहीत. "डिप्लोमा करून कोळसा उपसायचा?" एवढंच एकदा म्हणाले. तुम्ही समजावा. सुभेदारसाहेब फक्त तुमचंच ऐकतात.

तुमची,
क्रांती


कोरेगाव,
२० डिसेंबर २०२३

चि. क्रांती, शंभर वर्षं जग आणि त्यातली निम्मी इंजिनावर काढ.

चाचणी झाली असेल. कशी झाली ते विचारतसुद्धा नाही. मला माहीत आहे.

तुझ्या बापाला, राजवर्धनला म्हटलं, "तू फौजेत खंदक खणलास, तवा मी काय म्हटलं हुतं का, की पोराला माती उपसायला लावली?" होकार दिला नाही, पण निदान ऐकून तरी घेतलं.

इकडं गुऱ्हाळ जोरात चालू आहे. येणाराजाणारा ताज्या गुळाला थांबतो, आणि थांबला की मी त्याला ठेंगणीची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाही. आपला जाळव्या अर्जुना चुलवाणाच्या खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणतो, "मालक, इंजनाला तोंड म्होरं असतंय का मागं, ते तरी ठावं हाय का तुमास्नी?" त्याला म्हटलं, "तुझ्या मांडीवर शिकलेली पोर हाय ती. गप जाळ घाल." आठवतं का तुला? मी वर काहिलीजवळ, अर्जुना खाली खड्ड्यात. त्याला रस दिसायचा नाही आणि माझी हाक पोचायची नाही. मग मी काहिलीच्या काठावर दांडक्यानं टोला द्यायचो. एक टोला, जाळ वाढव. दोन टोले, आवर. तू त्याच्या मांडीवर बसून टोले मोजायचीस आणि चिपाडाची एवढीशी काडी आत टाकायचीस.

एक टेम्पो ठरवलाय. पहिल्या दिवशी, पहिल्याच गाडीला, आख्खी आळी घेऊन येतो. मी सगळ्यांना सांगितलंय, कोरेगावच्या जाळावर सांगलीची गाडी चालणार. आजीनं नवं लुगडं काढून ठेवलंय.

टेम्पोतली पहिली जागा माझी.
आबा


सांगली,
४ जानेवारी २०२४

प्रिय आबा, नमस्कार.

उशीर झाला लिहायला. काम फार आहे. चाचणी बरी झाली.

एक विनंती होती. तुम्ही सगळे पहिल्या दिवशी येऊ नका. शनिवारी पाहुणे, पुढारी, टीव्हीवाले यांची गर्दी असणार, तुम्हाला उभं राहायलाही जागा मिळायची नाही. रविवारी निवांत या. किंवा नंतर कधीतरी या, मी सुट्टी काढून तुम्हाला सगळं दाखवीन.

टेम्पोवाल्याला आत्ताच सांगितलेलं बरं. आजीला सांगा, लुगडं छान आहे म्हणून.

क्रांती


कोरेगाव,
९ जानेवारी २०२४

क्रांतीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लुगडं छान आहे म्हणून लिहिलंस. तू ते अजून बघितलेलं नाहीस.

मी काही रागावलो नाही. टीव्हीवाले असणार, मोठी माणसं असणार. तिथं धोतराची आणि पटक्याची माणसं टेम्पोतून उतरली, त्यातला एक म्हातारा बहिरा, जोरजोरानं बोलणारा, तर तुला अवघड वाटेल, हे मला समजतं. मीही एकदा माझ्या बापाला बाजारात बघून न बघितल्यासारखं केलं होतं. पोरं करतात असं.

टेम्पोवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही. सांगेन.

आजी म्हणते, पोर बोलत नाही म्हणजे तिला काहीतरी लागलंय. मी म्हणतो, लागलंय ते मला. आमचं यावर दोन दिवस वाजतंय.

आबा


समडोळी, जि. सांगली,
१६ जानेवारी २०२४

श्री. लालासाहेब यांना आदगोंडा मगदूम यांचा जयजिनेंद्र.

आपली भेट नाही, पण आपली पत्रं मी क्रांतीच्या तोंडून ऐकलेली आहेत. त्यामुळं ओळख आहे असं धरून लिहितो. तुमचं नऊ तारखेचं पत्र आल्यापासून पोरीनं शेडमध्ये जेवणाचा डबासुद्धा उघडलेला नाही. काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आण्णा, आबांना वाटतं मला त्यांची लाज वाटते." म्हणून हे लिहायला बसलो. तिला माहीत नाही.

चाचणीत गाडी थांबली. ओढ्याच्या पुलावर थांबली ती हललीच नाही. पोरीनं इंजिनाच्या भट्टीचं दार सताड उघडं ठेवलं आणि कोळसा गच्च भरला. मी पुढं रुळाकडं बघत होतो, मागं बघितलं तर काळा धूर आणि वाफेचा काटा खाली. म्हटलं, "पोरी, हे चुलवाण नव्हं." ती लाल झाली. आमच्या भागातही गुऱ्हाळं आहेत, मला लगेच कळलं हे शिक्षण कुठलं.

साहेब, राग मानू नका. चिपाड भुर्रकन जळतं, त्याला सारखं द्यावं लागतं. कोळसा तसा नाही. तो पातळ पसरायचा, थोडा थोडा, कडेकडेनं, आणि दार लगेच लावायचं. फायरमन दार लावतो ते भिऊन नव्हे. उघड्या दारातून गार वारा आत शिरला की बॉयलर निवतो. तुम्ही फलाटावरून दार लावताना बघितलं, ते बरोबर बघितलं. कारण तेवढं चुकलं.

उत्सवाच्या कमिटीची माणसं डब्यात बसलेली होती. त्यांनी विचारलं, "असं कुणी शिकवलं?" पोर म्हणाली, "कुणी नाही. माझीच चूक." तुमचं नाव घेतलं नाही. आता ते म्हणतात, उद्घाटनाच्या गाडीला बाहेरून फायरमन आणू. मी त्यांच्याकडून आणखी एक चाचणी मागून घेतली आहे. तीत जमलं तर ती, नाहीतर दुसरा. म्हणून तिनं तुम्हाला पहिल्या दिवशी येऊ नका म्हटलं. तुमच्या आळीसमोर दुसराच कुणी इंजिनावर दिसला तर तुमची मान खाली जाईल, ही तिची भीती. तुमच्या पटक्याची नाही.

आणखी एक. ठेंगणीवर आवाज इतका की मी काय सांगतो ते तिला ऐकू जात नाही. ती परवा म्हणाली, "आण्णा, लोखंडावर पान्यानं टोले द्या. एक म्हणजे वाढव, दोन म्हणजे आवर. आमच्याकडं असंच करतात." इतकी वर्षं गाड्या चालवल्या, मला हे कधी सुचलं नाही. फार सोयीचं आहे.

आपला,
आदगोंडा मगदूम


कोरेगाव,
२० जानेवारी २०२४

माझ्या वाघिणीस,

मगदूम आण्णांनी सगळं लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस. मी त्यांना वेगळं पत्र घातलंय आणि सोबत गुळाची एक ढेप.

मी तुझ्यावर रागावलो, ते मागं घेतो. मी जाळाचं सांगितलं, तेही मागं घेतो. आयुष्यभर फलाटावर बसलो, आणि दार लावणाऱ्या माणसाला भित्रा समजत आलो. एकदा विचारायचं होतं, "का लावतोस रं?" नाही विचारलं. आपल्याला कळतं असं वाटलं की विचारायचं राहूनच जातं.

तेव्हा आता माझं काही ऐकू नकोस. आण्णांचं ऐक, आणि त्याहून जास्त तुझ्या डोळ्यांनी काट्याकडं बघ. पातळ पसर. दार लाव.

आणि माझं नाव का नाही घेतलंस? घ्यायचं होतंस की. लालासाहेबांच्या नावाला असल्या एका चुकीनं काही होत नाही. ते पुष्कळ जुनं आणि जाड आहे.

टेम्पो पहिल्याच दिवशी येणार. तू इंजिनावर असलीस तर इंजिनाला हार घालू. चहाच्या टपरीवर असलीस तर टपरीला घालू. हार एकच आणणार, तो तुझ्या मागं मागं फिरेल.

तुझ्या आजीचं म्हणणं खरं निघालं, हे तिनं मला आज सकाळपासून पाच वेळा ऐकवलं. कान नाहीत हे पहिल्यांदा बरं वाटलं.

आबा


सांगली,
२९ जानेवारी २०२४

आबा,

आज नमस्कार वगैरे नंतर.

पूल ओलांडला. चढ चढला. वर पोचलो तेव्हा काटा जिथं हवा तिथंच होता आणि आण्णा मागं वळून फक्त "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे काय ते तुम्हाला भेटल्यावर कळेल.

चढाच्या अर्ध्यात धूर काळा व्हायला लागला होता. हात आपोआप फावड्याकडं गेला, पोट गच्च भरावं असं वाटलं. तेवढ्यात दोन टोले आले. मी फावडं खाली ठेवलं. थांबणं इतकं अवघड असतं हे माहीत नव्हतं. मग धूर पातळ झाला, आणि एक टोला आला.

कमिटीचे साहेब उतरून म्हणाले, "उद्घाटनाला हीच राहू दे."

तुमचं नाव का घेतलं नाही म्हणून विचारलंत. आबा, तुम्ही फलाटावरून बघत होता, पण मी आतून बघत होते. दाराशी उभी असूनसुद्धा मी आण्णांना विचारलं नाही, की थोडं थोडं का? मग चूक माझीच की.

पहिल्या दिवशी या. पहिल्याच गाडीला. टेम्पो भरून या. आजीचं लुगडं मला खरोखर बघायचंय.

आता नमस्कार, दोन्ही हातांनी. हात धुतले तरी काळेच आहेत.
क्रांती


कोरेगाव,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. क्रांती,
तुला आशीर्वाद, ठेंगणीला नमस्कार. ती वयानं माझ्याहून मोठी आहे.

उत्सव झाला, भेट झाली, तू मला इंजिनावर चढवलंस, आण्णांचं "हं" बघितलं. त्याचं काही लिहीत नाही. पण गाडी चालवताना तू पाठीमागं बघत नव्हतीस, आणि बघूही नये. म्हणून जमिनीवर काय घडलं ते सांगतो.

मंडपात आम्हाला पुढच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. वाफेचा रोडरोलर होता, एकानं घरी बनवलेलं टीचभर इंजिन होतं. एरवी त्याच्यापुढून मला कुणी उठवू शकलं नसतं. पण मी म्हटलं, मंडपात कशाला, पुलाच्या पुढं चढावर उभं राहायचं. आजी म्हणाली, "उन्हात?" म्हटलं, "जिथं थांबली हुती तिथनं म्होरं जाताना बघायची." आख्खी आळी चालत गेली. राजवर्धन सगळ्यांच्या मागं, हाताची घडी घालून, परेडला उभा राहिल्यासारखा.

गाडी दिसली. डबे माणसांनी भरलेले. मी आधी धूर बघितला. पातळ होता, करड्या रंगाचा. मी आजीला म्हटलं, "दार लावलंय पोरीनं." तिला काही समजलं नाही, पण तिनं मान डोलावली.

चढ लागला आणि ठेंगणी धापा टाकायला लागली. माणूस चालत पुढं जाईल एवढी हळू झाली. मला टोले ऐकू येणार नव्हते हे अर्जुनाला माहीत होतं. तो माझ्या मागं येऊन उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग बोटानं दोनदा ठोकलं. थोड्या वेळानं एकदा. परत एकदा. आण्णा तिकडं लोखंडावर टोला देत होते आणि अर्जुना तो तसाच माझ्या खांद्यावर उतरवत होता. क्रांती, मी आयुष्यभर काहिलीवर उभा राहून टोले दिले. घेणाऱ्याला ते कसे लागतात हे त्या दिवशी समजलं.

इंजिन आमच्यापुढून गेलं. तुझं तोंड काळं झालं होतं आणि तू आमच्याकडं न बघता काट्याकडं बघत होतीस. शाबास. मग आण्णांनी शिट्टी दिली. ती मला ऐकू आली. कोरेगावच्या फलाटावर यायची तशीच.

राजवर्धनचं सांगायचं राहिलं. गाडी वर चढली तसा आमचा सुभेदार हाताची घडी सोडून रुळाच्या कडेनं फोन धरून पळत सुटला, तुझा फोटो काढायला. एक चप्पल ओढ्यात गेली. परत आला तेव्हा एका पायात चप्पल आणि डोळ्यांत काहीतरी गेलेलं. "कोळशाची कणी गेली," म्हणाला. वारा दुसऱ्या बाजूचा होता. आता तो फोटो पलटणीतल्या सगळ्यांना पाठवून झालाय.

काल गुऱ्हाळावर रहिमतपूरकडची माणसं गुळाला थांबली होती. एकानं माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "काय मालक, तुमच्या जाळावर गाडी चालली म्हणं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काहिलीवरचं दांडकं खाली ठेवलं आणि म्हटलं, "न्हाई. माझ्या जाळावर गाडी थांबली हुती. चालली ती माझ्या नातीच्या जाळावर."

तो बिचारा गोंधळला. अर्जुना खड्ड्यातून ओरडला, "आन टोला कुणाचा, ते बी सांगा की."

"टोला आपला," मी म्हटलं.

मग त्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगितलं, माझ्या चुकीसकट. चूक सांगताना तर आवाज जरा जास्तच चढला, असं आजीचं म्हणणं आहे. त्याचं उसाचं काम राहिलं, बाजार राहिला. आता येईल त्याला मी हे असंच सांगतो. ऐकून ऐकून कुणी उठायला लागला की त्याच्या हातावर गरम गूळ ठेवतो. तोंड भाजतं म्हणून त्याला बसावंच लागतं.

तुझा,
आबा